कुठं लागलं, ते सांग

“सर, घंटा जोरात नका वाजवू, खाली शोरूम आहे,” नितेश हसत म्हणाला.

पंजाबरावांनी पितळी घंटेवर दांडी हलकेच टेकवली. ऑफिसच्या गालिच्यावर गोल उभी राहिलेली टीममधली पोरं अनवाणी होती, कमरेला रंगीत पट्टे बांधलेले. इमादने काळा पट्टा पटकावला होता आणि हवेत लाथ मारून दाखवत होता.

“अबे, पँट फाटन,” आरती म्हणाली.

“फाटू दे ना! ब्लॅक बेल्टवाल्याची इज्जत जात नसते.”

अमरावतीतल्या बडनेरा रोडवरचं हे ऑफिस बाजार समित्यांसाठी मोबाइल ॲप बनवत असे. शेतकऱ्याने घरूनच टोकन घ्यायचं, नंबर आला की मालाची गाडी घेऊन यार्डात यायचं. महिन्याच्या शेवटी काय जमलं आणि काय फसलं, यावर टीमची बैठक होई. पण बैठकीत सगळे माना खाली घालून बसत. तेव्हा पुण्याच्या मुख्य ऑफिसातून निरोप आला, बैठक जरा खेळीमेळीची करा. टीमचा प्रमुख नितेश लहानपणी पंजाबरावांकडे कराटे शिकलेला. त्याने सरांनाच बोलावून आणलं. शाळेतून निवृत्त झाल्यावरही सर रोज सकाळी तिथल्या मैदानावर चिल्ल्यापिल्ल्यांचा कराटेचा वर्ग घेत.

सुरुवातीला लॅपटॉपवर नितेशच्या वरिष्ठ, पुण्याच्या मॅडम दिसल्या. त्यांनी नमस्कार केला, “छान कल्पना आहे,” म्हणाल्या आणि कॅमेरा बंद करून ऐकत बसल्या.

पहिला डाव मजेत गेला. ज्याने आपल्याला मदत केली, त्याच्यापुढे वाकून त्याचं नाव घ्यायचं. आरती वाकली, इमाद वाकला, दोघांची डोकी आपटली आणि ऑफिस दणाणलं. दुसऱ्या डावात एकेकाने मधे बसून सांगायचं होतं, या महिन्यात कामात मार कुठे लागला.

“कमरेत,” इमाद म्हणाला. “माही खुर्ची बदला, बस.”

मग आचलची पाळी आली. ॲप बाहेर जाण्याआधी तपासायचं काम तिचं. अकोटची पोर, टीममध्ये सगळ्यांत नवी.

“मले नाई लागलं काई,” ती पुटपुटली.

पंजाबराव गुडघ्यांवर हात टेकत तिच्यासमोर बसले. त्यांना घाई नव्हती. वर्गातही एखादं पोर गप्प झालं की ते असेच समोर बसत.

“बाई, आमच्या वर्गात एक रीत आहे. डाव झाला का पडलेल्यानं पयले सांगाचं, कुठं लागलं. तवर कोनी हासत नाई, कोनी रागवत नाई. अन् ज्यानं मारलं, तोच पानी आनून देते. सांग, भेव नको.”

आचलने नितेशकडे पाहिलं. नितेशने लॅपटॉपकडे पाहिलं. सरांना ती नजर दिसली, नाही असं नाही. पण मैदानाच्या भिंतीवर पोरांचे आईबापही बसलेले असतात. त्यांच्यासमोर पोरं पडतात, रडतात, बोलतात. सरांनी मान हलवून आचलला धीर दिला.

“अकोटचे टोकन,” ती म्हणाली. “एकच नंबर दोघातिघाले जाऊन राहिला होता. मी आदल्या दिवशी सांगतलं, थांबवा म्हनलं. नितेशसर म्हनले, वरून तारीख ठरली आहे, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी यार्डात भांडनं झाले. माहे बाबा रांगेत होते, सर. साऱ्या गावाले सांगत फिरत, ॲप माह्या पोरीनं केलं. लोकायनं त्यायलेच ढकललं. तवापासून ते माह्याशी फोनवर बोलत नाईत.”

कुणी हसलं नाही. नितेश अर्धवट उठला, पाण्याच्या जगकडे त्याचा हात गेला.

“नितेश,” लॅपटॉपमधून आवाज आला, “जरा आतल्या खोलीत जाऊन मला फोन करा. आत्ता.”

पाणी इमादने आणून दिलं.

नितेश बाहेर आला तेव्हा पोरांनी पट्टे सोडून टेबलावर ठेवले होते. त्याने आचलला आत बोलावलं. ती परतली ती सरळ आपल्या जागेवर जाऊन बॅग भरू लागली. सोमवारपासून येऊ नको, असं तिला सांगितलं होतं. तपासणी तिची होती, चूक तिथेच राहिली, असं ठरलं होतं.

पंजाबरावांनी नितेशला जिन्यात गाठलं.

“पोरगी खोटं बोलली काय?”

“नाई, सर.”

“मंग?”

नितेश कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला.

“मॅडमले फोन लावून दे. ते आपल्या मनानं बोलली नाई, म्या बोलवलं, असं सांगतो.”

“सर, तुमी सांगून काय होते? त्यायनं पक्कं केलं आहे. अन् मी बोललो तं उद्या मीबी घरी.” मग हळूच म्हणाला, “तुमी तिले काहून एवढं विचारलं, सर? खेळच तं होता.”

याच पोराला आठव्या वर्षी त्यांनी पडायला शिकवलं होतं. हात कसे आपटायचे, मान कशी सांभाळायची. ते जिना उतरले.

एसटी स्टँडपर्यंत ते आचलबरोबर गेले. तिने नको म्हटलं तरी बॅग त्यांनीच धरली. अकोटची गाडी लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. त्यांनी बॅग खिडकीतून आत दिली.

“सर,” ती म्हणाली, “बाबाले काय सांगू?”

पोरांचा प्रश्न त्यांनी कधी टाळला नव्हता. येत नसेल तर उद्या पाहून सांगतो म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी सांगत. त्यांनी तोंड उघडलं. शेजारच्या फलाटावर कंडक्टर दर्यापूर, दर्यापूर ओरडत होता. त्याचा आवाज थांबेपर्यंत ते थांबले. मग खिडकीबाहेर लोंबणारा बॅगेचा पट्टा त्यांनी आत सारला.

“जाऊ द्या,” तीच म्हणाली. “ऊन लय आहे. तुमी निंघा.”

ते निघाले नाहीत. ड्रायव्हरने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली. “ओ बाबा, सरका ना तिकडं!” कुणीतरी ओरडलं.

पंजाबराव सरकले.