ताईचा हो

“ताई, एकदाचं सांग. घालू ना चिमणीला थेरपीला? केंद्रवाल्यांना आजच कळवायचंय.”

धाकटी बहीण ऐन कामाच्या वेळी माझ्या रफूच्या दुकानात येऊन बसली होती. तिची लेक चिमणी चार वर्षांची, अजून बोलत नाही. टेबलाखाली बसून लोकरीचे धागे बघत खुशीत दोन्ही हात फडफडवत होती. तिला ऑटिझम आहे. मलाही आहे.

“तुलाही आईनं लहानपणी नेलंच होतं की. भलंच झालं ना तुझं?”

झालं का? कुणास ठाऊक! तिथल्या बाईंनीच मला पाणी मागायला शिकवलं. त्याआधी मी भिंतीवर डोकं आपटायची. आणि त्याच बाई माझे फडफडणारे हात टेबलावर दाबून धरायच्या. रडले तर कुणी ढुंकून बघायचं नाही, गप्प झाले की खाऊ. फोनवर आमच्यासारख्या मोठ्यांचा एक गट आहे. एक म्हणतो, तो निव्वळ छळ होता. दुसरी म्हणते, त्याच्याशिवाय मी मुकीच राहिले असते. रोज हमरीतुमरी. मला दोघांचंही पटतं, हीच तर पंचाईत. रफू छान जमलं की मूळचा धागा कुठला आणि भरलेला कुठला, ते मलाच सापडत नाही. माझंही तसंच झालंय.

“मग घालू ना?”

“हो.”

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला, फोन काढला. हे हो म्हणालं कोण? बाईंच्या टेबलाशी हो म्हटलं की सुटका व्हायची. तेव्हापासून कुणी काही विचारलं की तोंडातून आधी हो निघतं. एका स्थळालाही अशीच हो म्हणून बसले होते. ते निस्तरताना आईच्या नाकी नऊ आले.

“थांब. उलटं विचार.”

“म्हणजे?”

“नको घालू ना, असं विचार.”

“बरं. नको घालू ना?”

“हो.”

ती बघतच राहिली. “अगं बाई, डोकं फिरेल माझं! यातलं खरं कुठलं?”

“मला नाही गं कळत,” मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

तिनं गोंधळून चिमणीलाच मांडीवर ओढलं. चिमणी किंचाळली, तिनं दोन्ही हातांनी आईला ढकललं आणि पुन्हा टेबलाखाली गेली. बहिणीचं तोंड एवढंसं झालं.

“वाईट नको वाटून घेऊस,” मी म्हटलं. “तिला नको म्हणता येतं. मला अजून येत नाही.”

मग तिनं केंद्रात फोन लावला.

“एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “मुलीनं नको म्हटलं, तर तुम्ही काय करता?”

सुई हातात धरून मी ऐकत होते. पलीकडून उत्तर यायला वेळ लागत होता.