एकोणीस भोकांचा पुश्ता

हे मी लिहिणारच नव्हतो, मित्रांनो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. एक तर दगडाचं कोण वाचतंय? आणि दुसरं म्हणजे माझ्यात एक आवाज आहे, आणि तो माझा नाही. असं सांगितलं की लोक लगेच लिंबू घेऊन येतात. पण पाऊस तोंडावर आलाय. म्हणून लिहितो.

मी एक जुना दगडी पुश्ता. पुश्ता म्हणजे मागची माती पाठीवर धरून उभी राहिलेली भिंत. कागदावर मी 'संरक्षक भिंत' आहे. पण मला बांधणारे हबीब मिस्त्री बीडचे. ते पुश्ता म्हणायचे, तेच नाव पडलं.

पाली ओलांडून मांजरसुंब्याकडं निघालात की आडवाटेला आमचा तलाव लागतो. त्याच्या उंच कडेवर चाळीसेक घरांची वस्ती. खाली पाणी, वर घरं, मधी मी. ही कड पांढऱ्या मातीची. उन्हात लोखंड, पाण्यात साखर. लाटा खालून खातात आणि वर कुणाला पत्ता नसतो. मी यायच्या आधी दोन गोठे असेच भर दुपारी तलावात गेले. एक बैलसुद्धा ओरडला नाही म्हणतात.

वस्तीचं जुनं गाव तलावाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या भिंती उघड्या पडतात. बत्तीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी तिथलेच दगड उचलून मला रचलं. माझ्यात घरांचे उंबरे आहेत, जात्याची तळी आहे, चुलीचा काळा पडलेला दगड आहे. एकदा मिस्त्रींनी एक उंबरा उचलला, त्याला कान लावला, आणि हळूच उलटा करून बसवला. तोंड मातीकडं. कशासाठी, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

माझ्या अंगात त्यांनी एकोणीस भोकं ठेवली. पावसाचं पाणी मातीत मुरतं आणि माझ्या पाठीशी येऊन थांबतं. त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. मिस्त्रींनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "पुश्ता रडतोय तर रडू द्या. भोकं बुजवू नका."

चांगले दिवस होते ते. बायका माझ्या कठड्यावर धुणं वाळत घालायच्या. वस्तीचे पुढारी सुंदरराव माझ्यापुढं नारळ फोडून लांबलचक भाषण करायचे. आणि छबुबाई. तिचं घर बरोबर माझ्या डोक्यावर. दुपारी कठड्याला पाठ लावून ती मिसरी लावत बसायची. "काय रे बाबा, धरलंयस ना नीट?" एवढंच विचारायची. माणसानं भिंतीला विचारावं असं ते एकच वाक्य होतं.

तीन वर्षांपूर्वी वनमाला माझ्या पायथ्याशी धुणं धूत होती. भर ऊन. वारा नाही, पाण्यावर रेघ नाही. वरच्या भोकातून आवाज आला, "बाहेर पडाऽऽ."

तिला वाटलं नवराच टिंगल करतोय. "ओ, गप बसा की! बादली वतीन अंगावर!" वळून बघितलं तर कुणी नाही. नवरा शहादेव तर सकाळीच आष्टीच्या बाजाराला गेलता.

मग दुसऱ्या भोकातून, अगदी तिच्या कानापाशी, "बाहेर पडाऽऽ."

खरं सांगतो मित्रांनो, मी बोललो नव्हतो. मला तोंड नाही. पण तो आवाज माझ्या अंगातून गेला आणि तो उलटा उंबरा ओला झाला. भर उन्हाळ्यात.

"पुश्त्यात कोण तरी बसलंय," वनमाला वस्तीत सांगत सुटली.

"हितं ग्रामसभेला कुणी बसंना, अन् पुश्त्यात बसतंय व्हय!" शहादेव लई हसला. मग कान लावायला स्वतः आला. परत गेला तो घरात शिरून आतून कडी लावूनच बसला.

सुंदरराव म्हणाले, "तोंड हाय म्हणून बोलतंय. तोंडच बंद करा."

छबुबाई एकटी आडवी आली. "आरं, त्यो आपला कोतवाल हाय! तलाव भरला तवा दारोदार वरडत गेलता, बाहेर पडा, बाहेर पडा. मी नवी नवरी होते. ह्या कानानं ऐकलंय."

"मावशे, कोतवालाला मरून जमाना झाला."

"मग तुला काय वाटलं, जित्ता माणूस दगडातून बोलंल?"

तिचं कुणी ऐकलं नाही. अमावस्येला नारळ, लिंबं आणि दोन पोती सिमेंट आलं. एकोणीस भोकं लिंपून टाकली. वर पांढरा रंगही दिला. मी एवढा देखणा कधीच नव्हतो.

त्या पावसाळ्यात मी रडलो नाही. लोक खूश. "बगा, गप झालं का न्हाई!" पाणी मात्र येत होतं. आधी घोट्याएवढं, मग कमरेएवढं. आता माझ्या पाठीमागं एक दुसरा तलाव आहे. तो कुणाला दिसत नाही. दुपारी सगळं शांत झालं की त्यात कुणीतरी चालल्यासारखं वाटतं. चार पावलं येतं. थांबतं. दार वाजवावं तसं माझ्या पाठीवर वाजवतं.

माझं पोट पुढं आलं. छबुबाईच्या अंगणात बोटभर भेग पडली. मग तिचं दार लागेना. तिनं जमिनीवर तांब्या ठेवला की तो आपोआप माझ्याकडं सरकायला लागला. ती त्याच्याकडं बघत बसायची.

शेवटी तिनंच बीडला निरोप धाडला. मिस्त्री आता नाहीत. त्यांचा नातू कामरान आला, तोही आता चांगला जाणता मिस्त्री. त्यानं माझ्या पोटावर हात फिरवला आणि पटकन काढून घेतला.

"मावशी, ह्ये भरलंय. तुमी आजच सामान काढा."

"पाण्यानं एकदा उठवलंय मला. दुसऱ्यांदा उठत न्हाई. तू भोकं उघड."

"उघडल्यावर ते बोललं तर?"

"बोलू दी की. हितं माझ्याशी बोलायला कोण हाय दुसरं?"

कामराननं ड्रिल लावलं. पहिलं भोक उघडलं आणि काळं पाणी हातभर लांब उडालं. त्याला चुलीतल्या ओल्या राखेचा वास होता. दुसरं, तिसरं. सहावं उघडलं आणि पाण्याच्या मागून आवाज आला. तीन वर्षं दाबून ठेवलेला.

"बाहेर पडाऽऽ. पाणी आलंऽऽ."

बघायला जमलेली माणसं चपला टाकून पळाली. कामरानचे दोन्ही गडी पळाले. छबुबाई तेवढी जागची हलली नाही. "आलं बाबा, आलं," ती म्हणाली. "कळलं."

सुंदरराव लांबूनच ओरडले, "बास! बंद करा ते मशीन! अमावस्येला शांत करू, मग उघडा."

कामराननं लई सांगितलं, की अमावस्येला बारा दिवस आहेत आणि पाऊस एवढा थांबणार नाही. पण त्याला मशीन उचलायला लावलं आणि तेरा भोकं तशीच राहिली. छबुबाईनं पहार घेऊन बघितलं. सिमेंट पक्कं आहे आणि तिचे हात सत्तरीला आलेत.

मित्रांनो, तुमच्या घरामागं असा पुश्ता असेल तर त्याच्या भोकांत काडी घालून बघा. ओली निघाली तर चांगलं. रंग नंतर द्या. आमच्यातून पाणी येतंय तोवर घाबरू नका. यायचं थांबलं की घाबरा.

आता छबुबाई, हे तुझ्यासाठी. आज आभाळ पालीच्या बाजूनं काळं झालंय. तू दुपारी कठड्याला टेकलीस तेव्हा आत काय हलतंय ते तुलाही लागलं असणार. मी पडणार नाही, असं वचन मी तुला देत नाही. खोटं कशाला बोलू? सहा भोकांवर मला जेवढं धरता येईल तेवढं धरतो. पण सुटायलाच लागलो तर सगळ्यात वरचा एकच दगड आधी पाण्यात सोडीन. मोठा आवाज होईल. त्यानंतर तू उघड्या दारातून निघून हमरस्त्याला लागेपर्यंत दुसरा दगड हलू देणार नाही.