सोन्याला वास नसतो

मित्रांनो, मी एक जुनी, दात पडलेली कुत्री आहे. माझं नाव सोनी. समुद्रपुरात कोणालाही विचारा, तो म्हणेल, "ते सोनं हुंगणारी व्हय ना?" म्हणून आधीच ठासून सांगते. मी जन्मात कधी सोनं हुंगलेलं नाही. सोन्याला वास नसतो.

माझा जन्म जाम गावच्या चौरस्त्यावर, चहाच्या टपरीमागे झाला. ट्रकचा धूर, भज्याचं तेल, कापसाने भरलेल्या गाड्या, हे सगळं मी डोळे उघडायच्या आधी नाकाने पाहिलं. सत्त्याण्णव साली समुद्रपूरच्या ओमप्रकाश सराफांचा धाकटा भाऊ गोपाल तिथे चहाला थांबला आणि जाताना मला पिशवीत घालून एसटीत चढला.

"पिशवीत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"आलू."

तेवढ्यात आलू भुंकले. गोपालला माझं अर्धं तिकीट काढावं लागलं.

त्याने वर्ध्याला पोलिसांच्या कुत्र्याची कवायत पाहिली होती. चोर हुडकणारं कुत्रं असतं, तर सोनं हुडकणारं का असू नये, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रोज दुपारी तो दुकानातली एक पाटली कधी बाकाखाली, कधी चपलांच्या ढिगात लपवायचा आणि म्हणायचा, "सोनी, सोनं!" मी ती आणून दिली की टोस्टचा तुकडा मिळायचा.

मला ती सापडायची कशी? दुकानाच्या मागच्या पडवीत शकुबाई बसायची. सराफांकडचा प्रत्येक दागिना ती रिठ्याच्या फेसात धुवायची, आणि हात चालता चालता स्वतःच जुळवलेलं गुणगुणायची:

सोनं धुतलं गं बाई, सोनं धन्याच्या पेटीत
वास रिठ्याचा राह्यला माह्या मुठीत

गोपाल लपवायचा पाटली, आणि मी शोधायचे शकुबाईचा हात. मला शिकवलं गेलं ते एवढंच. पण लोकांना कोण सांगणार? बाजाराच्या दिवशी माझ्याभोवती घोळका जमायचा. सदाशिवराव नावाचे एक शेतकरी रोज दुकानात पेपर वाचायला यायचे. आजोबांनी पुरलेला हंडा हुडकायला ते मला शेतावर घेऊन गेले. मी त्यांना उंदराचं बीळ दाखवलं. तरी माझं नाव खाली आलं नाही. मीही शेपूट उंच करून मिरवले, खोटं कशाला बोलू?

मग तो बुधवार आला. ओमप्रकाश शेटच्या बायकोने, जयाबाईंनी, आपली गळ्यातली सोन्याची एकदाणी लग्नाला जायचं म्हणून धुवायला दुकानात दिली होती. सोमवारी दिली, बुधवारी धुवायला काढावी तर कुठेच नाही. शेट शपथेवर सांगत होते, "मी गल्ल्यात ठेवली होती." दुकान धुंडाळून झालं. शेवटी गोपाल म्हणाला, "दादा, आपली सोनी कशाले हाय?"

चार घरची माणसं ओट्यावर जमली. माझा पट्टा सुटला. "सोनी, सोनं!"

आणि मी गेले, सरळ पडवीत. शकुबाईच्या मांडीशी जाऊन बसले, आणि टोस्टसाठी मान वर केली.

टोस्ट मिळाला नाही. माणसांच्या घामाचा वास बदलला, तेवढं मला कळलं.

"मले वाटलंच होतं," जयाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शकुबाईच्या पदराकडे हात पुढे केला. मी उठून मधे उभी राहिले आणि गुरगुरले. आयुष्यात पहिल्यांदा.

"थांबा, जयाबाई." शकुबाई जागची हलली नाही. "बारा वर्सं तुमच्या घरचं सोनं धुतलं म्या. माह्या पदराले हात लावाच्या आंधी या कुत्रीची झडती घ्या."

तिने गोपालच्या सायकलचा एक गंजका नट मागून घेतला, रिठ्याच्या फेसात चोळचोळ चोळला आणि त्याच्याच हातात दिला. "लपवा हा. अन् शेटजी, तुमच्या बोटातली आंगठी इथं उंबऱ्यावर ठेवा. ते कधी माह्या हातात आली नाई."

पुन्हा हाक झाली, "सोनी, सोनं!" मी अंगठी ओलांडली. बाकाखाली शिरले आणि तो नट तोंडात धरून गोपालपुढे ठेवला.

सदाशिवराव पेपर बाजूला सारून म्हणाले, "ओमप्रकाशभाऊ, किती कॅरेटचा व्हय हा नट?"

सगळे हसले. शेट हसले नाहीत. "पन मंग एकदाणी गेली कुठं?" एवढंच ते पुटपुटले. शकुबाईने ते ऐकलं. हात पुसले, पदर खोचला आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरली. मी तिच्या मागून गेले. गोपालने हाक मारली, टोस्टचा अख्खा पुडा दाखवला. मी मागे फिरले नाही.

शकुबाईच्या घरी काढलेले पुढचे चार महिने मी विसरणार नाही. नळावर बायका शकुबाईला जागा द्यायच्या, पण दोन पावलं लांब सरकून. आळ आणला होता माझ्या नाकाने, आणि सोसत होती ती. भाकरीचा पहिला तुकडा मात्र ती मलाच टाकायची.

दिवाळीच्या आधी शेटांनी आपली बसायची गादी पिंजायला काढली. उसवलेल्या शिवणीतून आत सरकलेली एकदाणी कापसातून खाली पडली. त्यांनीच ती गादीखाली खोचली होती आणि विसरले होते. मित्रांनो, शेट जेवायला गेले की मी त्याच कोपऱ्यावर झोपायचे. सोमवार आणि मंगळवार, दोन दुपारी मी सोन्यावर झोपले आणि मला पत्ताही नव्हता!

शेट आमच्या दारात आले. "शकुबाई, चुकलं आमचं. उद्यापासून कामावर येजो."

"चार घरचे लोक जमले होते, त्याहिले कोन सांगन?"

"मी सांगतो."

"आंधी सांगा."

त्यांनी भर बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून, हात जोडून सांगितलं. शकुबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग पुन्हा त्या पडवीत पाऊल ठेवलं नाही. आता बायका आपले दागिने धुवायला घेऊन तिच्याच ओट्यावर येतात. जयाबाईसुद्धा येतात, आणि रांगेत बसतात.

मित्रांनो, आम्हाला जे शिकवाल ते आम्ही मन लावून शिकतो. पण आपण नेमकं काय शिकवलं, ते तुम्ही तपासून घ्या. आमच्या नाकाच्या भरवशावर कोणाच्या अंगावर हात टाकू नका. नाक आमचं असतं, अब्रू कोणा गरिबाची असते.

माझी नजर आता मंद झाली आहे. रस्त्याने जाणारं एखादं पोर अजूनही गंमत म्हणून ओरडतं, "सोनी, सोनं!" मी उठते आणि शकुबाईच्या मांडीशी जाऊन बसते. त्या बुधवारीही मी हेच केलं होतं, आणि माझं काही चुकलं नव्हतं.