आईच्या बोलण्यापुढची रांग

माझं काम लोकांचं ताटकळणं मोजायचं. घराघरांतल्या राउटरकडे एक चिमुकला निरोप धाडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते टिपायचं. लाइन मोकळी असली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत परततो. पण घरात कुणी काही मोठं पाठवायला घेतलं की राउटरमध्ये रांग लागते. काही हरवू नये म्हणून बनवणाऱ्यांनी आत साठवणीला ऐसपैस जागा ठेवलीय, आमच्या आईच्या कपाटासारखी. तिथे शिरलेली वस्तू लवकर बाहेर येत नाही. असं किती घरांत आणि किती वेळा होतं, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. पडद्यावर प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. रांग वाढली की तो फुगतो, ओसरली की बारीक होतो. दुपारभर बघत बसलं की वाटतं, सगळं शहर झोपेत श्वास घेतंय.

आमचं घरही त्यात होतं, आणि रविवारी सकाळी आमचा ठिपका टम्म फुगायचा.

रविवारी सकाळी आई समुद्रापलीकडच्या दादाशी व्हिडिओवर बोलायची. ती काही विचारायची आणि दादा नुसता बघत राहायचा. मग दोघं एकदम बोलायची, एकदम गप्प व्हायची. पूर्वी विचारायचा अवकाश की उत्तर हजर असायचं, आता मोजूनमापून बोलतो, परका झाला, असं ती भांडी पुसताना म्हणायची. एका रविवारी तर तिने फोन घेतलाच नाही. म्हणे, ओट्यावर पसारा पडलाय. ओटा लख्ख होता.

शोधलं तर चोर घरातच. निवृत्त झाल्यापासून बाबा जुने अल्बम स्कॅन करून रविवारी सकाळी इंटरनेटवर साठवायला लावतात. झाडून सगळे फोटो दादाचे. माझ्या वेळेपर्यंत कॅमेरा बिघडला होता, असं बाबा सांगतात आणि मी ते अजून मान्य केलेलं नाही.

त्या दुपारी मला ते दिसायलाच लागलं. राउटरच्या अंधारात एकामागे एक उभे: रांगणारा दादा, तीनचाकीवरचा दादा, पुढचे दोन दात पडलेला दादा. आणि सगळ्यांच्या मागे आईचं 'जेवलास का?' तिष्ठत. पोरगा मोठा होत होत रांग पुढे सरकायची आणि मग कुठे तिचा आवाज खऱ्या दादापर्यंत पोचायचा.

आईला लॅपटॉपवर ठिपका दाखवून समजावलं. फुगला की तुंबलं, बारीक असला की मोकळं, हे तिला लगेच कळलं. बाबांना चार शब्द सुनावून ती खूप दिवसांनी हसली. रांग लांबूच नये असं मी राउटरचं सेटिंग बदललं.

पुढच्या रविवारी आई फोनच्या आधीच केस विंचरून बसली. मी शेजारी लॅपटॉप उघडून. आमचा ठिपका मोहरीएवढा. आईने विचारलं की दादाचं उत्तर हजर. तिने त्याच्या विरळ केसांवरून चिडवलं, त्याने बाबांच्या टकलावर ढकललं, आणि दोघं एकाच वेळी हसली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

मग आईने मनात जपून ठेवलेलं विचारलं. "या वर्षी येतोयस ना रे?"

दादा गप्प. त्याची नजर खाली गेली. ठिपका मोहरीएवढाच होता.

आईने विचारलं, "बघ गं जरा, परत तुंबलं का?"

ऑफिसात मी दशांश चिन्हावरून साहेबांशी भांडते. खोटा आकडा मी आजवर दिलेला नाही.

"हो आई," मी म्हणाले, "तुंबलंय."

ती पडद्याकडे वळली. "सावकाश सांग हो, बाळा. इकडे जरा उशिराच पोचतं."

आणि त्याच्यावरची नजर न काढता तिने हात लांबवून माझा लॅपटॉप हळूच मिटला.