मायकेलची फ्रेंच अंगठी

उत्तनची ज्युलियानाबाय गोडदेवच्या माझ्या गाळ्यात आली आणि बोटातली अंगठी साबण लावून काढत म्हणाली, "हरिश्चंद्रदादा, बोट सुजतंय. जरा वाढवून द्या. तुमच्याच हातची हाय."

मी अंगठी उचलली आणि छाती फुगली. मध्ये एक खडा, भोवती सहा, आणि पट्टीवर शंकरपाळीच्या आकाराचा इवलासा शिक्का, त्यात दोन अक्षरं. फ्रान्सचा कारागीर आपली खूण अशी ठोकतो. कोण होता देव जाणे, पण काय हात होता! तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा मायकेल, जहाजावरचा खानसामा, त्या कारागिराची जुनी अंगठी फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून घेऊन आला होता. घरावर स्लॅब टाकायला ती विकायची होती. बायकोचं बोट उघडं पडू नये म्हणून माझ्याकडून त्याने नक्कल करून घेतली. सोनं खरं, खडे अमेरिकन डायमंडचे. शिक्कासुद्धा मी हाताने कोरला.

त्या कामाचा मला माज चढला. दोन्ही अंगठ्या पॉलिश करून टेबलावर मांडल्या आणि शेजारच्या गाळेवाल्यांना बोलावलं. "ओळखा पाहू, माझी कुठली?" एकालाही ओळखता येईना. सगळ्यांच्या हातांतून फिरून आल्यावर मी दोन पुड्या बांधल्या, एकीत खरी, दुसरीत नक्कल, नुसत्या नजरेने ओळखून. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

आज अंगठी कापायच्या आधी सवयीने खड्याला टेस्टर लावला. तो वाजला. हिऱ्याशिवाय तो वाजत नाही. म्हटलं बिघडला. सेल बदलला, पुन्हा वाजला. दुसऱ्या खड्याला वाजला, तिसऱ्यालाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या अमेरिकन डायमंडला लावून बघितला, तर गप्प.

माझं डोकंच चालेना. हिरे खरे, मग काम माझं कसं? आणि काम माझं नाही, तर मला ते आपलं का वाटतंय? भिंग लावलं. शिक्क्यातली अक्षरं ठोकलेली होती, कोरलेली नव्हती. तरी मन ऐकेना. ही वळणं तुझीच, म्हणत होतं. तीस वर्षं आपला म्हणून मिरवलेला हात त्या परक्या माणसाचा निघाला.

मग मायकेलने विकली ती कुठली? माझ्या पाचावर धारण बसली.

तेव्हा अंगठी विकल्यापासून महिन्याभरात गिऱ्हाईक उलटून आलं होतं. खडे खोटे, म्हणत चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर, त्याने मायकेलला ठग म्हटलं. मायकेल ती अंगठी घेऊन माझ्याकडे धावत आला. मी भिंगही न लावता त्याला हाकलला. "मी माझं काम झोपेत ओळखतो. तुझी तुला दिली, पुढचं मला विचारू नको." बायकोच्या बोटातली तपासावी, हे ना त्याला सुचलं ना मला. का नाही सुचलं, मला आजही कळत नाही.

"काय झालं दादा? वाढत न्हाय काय?"

वाढवून, गुंडाळून दिली असती तर तिला काही कळलं नसतं. खरं सांगतो, क्षणभर तेच मनात आलं. पण मायकेल सहा वर्षांपूर्वी गेला, आणि गावाच्या लेखी तो ठगच गेला.

"बाय, ही माझ्या हातची नाही. ही खरी आहे. पुड्या बांधताना मी घोळ केला. मायकेलने कुणाला फसवलं नाही."

तिने अंगठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. समजलं की नाही, मला कळेना. मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे त्याला म्हाईतच नव्हतं?"

"नाही."

ती खुर्चीत बसली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाव बोलायचं, ते त्याने सोसलं," ती म्हणाली. "पन सारखा मना बोलायचा, ज्युली, मी न्हाय केलं. आणि मी बोलायची, असू दे रे, मी माफ केलं तुला. मरताना पन तेच बोलली मी."