सरुबाईची पोरगी

त्या जेवणाला मुलांना बंदी होती, हे मला आठ दिवस आधीपासून माहीत होतं. निमंत्रणाच्या कार्डावरच छापलं होतं, 'आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.' मला तो नियम पटला होता आणि खरं सांगायचं तर आजही पटतो. लहान मूल घेऊन लग्नात जेवायला बसलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. एका हातानं त्याला भरवायचं, दुसऱ्या हातानं त्याचं सांडलेलं वरण पुसायचं, तोवर आपल्या पानातली जिलबी गार. माणसानं वर्षातून एकदा तरी निवांत जेवावं, एवढंच त्या कार्डाचं म्हणणं होतं.

बोट उजनीच्या पाण्यावरची. पळसदेवजवळच्या धक्क्यावरून अकराला सुटायची, पाण्यावर फिरवून, रोहित पक्षी दाखवून, पाच टप्प्यांत जेवण वाढून दोनपर्यंत परत आणायची. बारामतीचे दिग्विजयराव तिचे मालक. पुण्याहून लोक खास या जेवणासाठी यायचे, आणि त्या जेवणातली भाजी माझ्या शेतातली असायची. इंदापूरजवळ आमचं हिरव्या जाळीचं शेडनेट आहे, त्यात मी चेरी टोमॅटो, झुकिनी, लेट्यूस असला माल घेतो. दोन महिने मी बोटीला थोडाथोडा माल देऊन बघत होतो. आता वर्षभराचा करार करायचा का, हे दिग्विजयराव ठरवणार होते, आणि त्यासाठीच त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, सुप्रियाला, रविवारी जेवायला बोलावलं होतं. करार झाला की अडत्याच्या दारात क्रेट घेऊन ताटकळणं कायमचं संपणार होतं.

आमची मोना सहा वर्षांची. तिला माझ्या आईजवळ ठेवायचं ठरलं होतं. पण रविवारी निघाली चतुर्थी आणि आई सकाळच्या एसटीनं मोरगावला निघून गेली. जाताना म्हणाली, "तुझ्या कामासाठीच चाललीया, गणपतीला सांगून येते." आता यावर काय बोलणार?

मी बोटीच्या मॅनेजरला, रणजितला, फोन लावला. तो भला माणूस. म्हणाला, "वर न्हाय बसवता यायची. पण खाली किचनपाशी सरुबाई असत्यात. त्यांच्यापाशी बसंल का?"

"बसंल की," मी म्हणालो.

सुप्रियाला ते आवडलं नाही. "आपण वर जेवायचं आणि पोरगी खाली भांड्यांपाशी? त्यापेक्षा मी राहते घरी."

"दोघांना बोलावलंय. मी एकटा गेलो तर कसं दिसंल?" मी म्हणालो. त्या दिवसांत मला प्रत्येक गोष्ट कशी दिसेल याचीच पडली होती. काटाचमचा कसा धरायचा हे मी तीन दिवस मोबाईलवर बघत होतो, शेडनेटमध्ये बसून, म्हणजे घरात कोणी हसायला नको.

सरुबाई किचनमध्ये भाज्या धुवायच्या, चिरायच्या, भांडी करायच्या. पन्नाशीच्या असतील. मोनाला बघून त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि म्हणाल्या, "जावा तुमी बिनघोर." मोनाची तक्रार नव्हतीच. आपल्या शेतातली क्रेट तिला तिथं दिसली होती. चेरी टोमॅटो तोडायला आमच्या घरात तिच्याइतकं तरबेज कोणी नाही. बारकी बोटं, देठाला धक्का लागत नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी शेडनेटमध्ये पळते.

वर पांढरी टेबलं, पांढरे नॅपकिन, खिडकीबाहेर पाणी. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दिग्विजयराव आमच्याच टेबलावर बसले आणि मालाची चौकशी करू लागले. उन्हाळ्यात पुरवठा होईल का, लेट्यूस किती दिवस टिकतं. मी छान उत्तरं देत होतो. सुप्रिया मधूनमधून जिन्याकडं बघत होती. पहिलं ताट आलं. ताट परातीएवढं आणि त्यात मधोमध तीन चेरी टोमॅटो, अर्धे कापलेले, वर एक पान, बाजूला सॉसचा ओघळ.

तेवढ्यात मोना जिन्यावरून वर आली. हातात स्टीलचं पातेलं, त्यात टोमॅटो. ती का आली हे मला बघताक्षणी कळलं. खाली तिनं ती ताटं भरताना बघितली असणार. आमच्याकडं पाहुण्याच्या पानात कमी पडलं तर वाढणाऱ्याची नाचक्की होते. गेल्या वर्षी घरच्या जागरणगोंधळाला मीठ वाढायचं काम तिच्याकडं होतं आणि तिनं ते फार मनावर घेतलं होतं. आता इतके पाहुणे, आणि तेही आपल्या शेतातलं खायला आलेले, आणि प्रत्येकाच्या ताटात तीन टोमॅटो. तिला आमची लाज राखायची होती.

पहिल्या टेबलाशी जाऊन तिनं पातेल्यातून मूठभर टोमॅटो काढले आणि एका माणसाच्या ताटात घातले. "घ्या की आजून. लाजू नका. मी तोडल्यात."

तो माणूस हसला. दुसऱ्या टेबलावरही दोघं हसली. तिसऱ्या टेबलावर पुण्याच्या एक बाई होत्या, फिकट रंगाच्या साडीत. त्यांच्या ताटात टोमॅटो पडले ते सॉसमध्ये, आणि चार थेंब साडीवर उडाले. त्या ओरडल्या नाहीत. मोनाला म्हणाल्या, "बस हं बाळा, पुरे." मग वेटरला हळूच म्हणाल्या, "आम्ही आमची मुलं आईकडे ठेवून आलोय. इथं मुलं नसतात म्हणून तर आलो." यात त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सगळं जेवण थांबलं होतं. दिग्विजयरावांनी मान वळवली. मोना तोवर आमच्या टेबलाकडं येत होती, चार पावलांवर होती. आमच्या ताटांकडं बघत होती.

"ही कुणाची पोरगी?" दिग्विजयरावांनी मला विचारलं.

त्यांनी मलाच का विचारलं, ते अजून कळत नाही. कदाचित सहज. मी नॅपकिननं तोंड पुसलं. आणि म्हणालो, "खालच्या सरुबाईची असंल."

शब्द तोंडातून गेले तेव्हा मला काहीच वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट. उलट सुटल्यासारखं वाटलं. मग मोना दिसली. 'पप्पा' म्हणायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं होतं. पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती माझ्याकडं बघत उभी राहिली, आणि मी खिडकीबाहेर पक्षी बघू लागलो.

सरुबाई धापा टाकत वर आल्या. दिग्विजयराव आवाज न चढवता म्हणाले, "सरुबाई, पोरगी कामावर आणायची नाही, एवढं कळत नाही का? पाहुण्यांच्या ताटात हात घालतीय."

सरुबाईंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना खरं सांगायला किती वेळ लागला असता? त्या म्हणाल्या, "चुकलं साहेब." आणि मोनाच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन गेल्या. मोना एकदाही मागं वळली नाही.

सुप्रियानं मांडीवरचा नॅपकिन टेबलावर ठेवला आणि उठून खाली गेली.

"मॅडमना काय झालं?" दिग्विजयरावांनी विचारलं.

"पाण्याची सवय न्हाय, मळमळतंय," मी म्हणालो. एकदा तोंड सवकलं की थांबत नाही. पुढचे चार टप्पे मी एकट्यानं जेवलो. काटा बरोबर धरला होता. शेवटी दिग्विजयरावांनी हात मिळवला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बारामतीला या, कागद करून टाकू."

परत येताना गाडीत मोना मागं आईच्या मांडीवर होती. सुप्रिया इंदापूर येईपर्यंत तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "तिला काय ते तुमीच सांगा. मला जमायचं न्हाय."

माफी मागायची सोडून मी समजावून सांगायला लागलो. म्हणालो, "मोना, ते साहेब आपला माल घेणार हायेत. बोटीवर लहान पोरं आणायची न्हाईत असा त्यांचा नेम हाय. माझी पोरगी म्हटलं असतं तर माल घेतला नसता त्यांनी. म्हणून तसं म्हणावं लागलं. कळलं का?"

"व्हय," मोना म्हणाली. सुप्रियानं कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी माल पोचवायला गेलो तेव्हा सरुबाईंना गाठलं. चूक झाली म्हणालो. त्या हातातली काकडी सोलत राहिल्या. "मला काय हुतंय, बोलणं खायची सवय हाय. पर पोरगी लई गुणाची. खाली एक अक्षर बोलली न्हाय. सगळी पातेली पुसून दिली मला." मला तिथंच बसकण मारावीशी वाटली. पण क्रेट उतरवायच्या होत्या, त्या उतरवून आलो.

त्या आठवड्यात मोना माझ्याशी नीट वागत होती, हाक मारली की येत होती, शेडनेटमध्ये टोमॅटो तोडत होती. फक्त कोणी बाहेरचं माणूस आलं की हळूच आत जायची. खताचा माणूस आला, आत गेली. शेजारचे कुंडलिकतात्या आले, आत गेली. आईनं विचारलं, "पोरगी अशी बुजरी कवापास्नं झाली?" माझ्या लाजेनं मला घरात बसवेना. तिला जवळ घेऊन काही बोलावं म्हणून रोज ठरवत होतो आणि रोज पाण्याची मोटर बघायला जात होतो.

बारामतीला जायच्या दिवशी सुप्रियानं मोनाला नवा फ्रॉक घातला आणि म्हणाली, "हिला संगं न्या." कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वाटेत मी मनात घोकत होतो. आत गेल्यागेल्या सांगायचं, साहेब, ही माझी मुलगी मोना. इतकं सोपं वाक्य. भिगवण रस्त्यानं बारामती येईपर्यंत मी ते पन्नासदा म्हटलं.

दिग्विजयरावांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. कागद टेबलावर तयार होता, पेनही. ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते, त्यांनी हातानंच बसा म्हटलं. फोन ठेवला आणि त्यांचं लक्ष मोनाकडं गेलं. चेहऱ्यावर ओळख उमटली, पण नीट लागेना. पुढं वाकून प्रेमानं म्हणाले, "कुणाची गं तू?"

मी तोंड उघडलं. पण मोना माझ्याआधी बोलली. एक पाऊल माझ्यापासून लांब सरकून, शाळेत कविता म्हणतात तशा स्पष्ट आवाजात.

"मी सरुबाईची."

दिग्विजयराव माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "न्हाय साहेब. माझी हाय. त्या दिवशी पण माझीच होती. सरुबाईंनी माझ्यासाठी ऐकून घेतलं."

ते खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले, "म्हणजे त्या बाईला मी उगाच बोललो." पेन उचलून खिशाला लावलं आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. "या तुम्ही. कराराचं बघतो, कळवतो."

जिना उतरताना मी मोनाचा हात धरला. हात गार पडला होता. खाली रस्त्यावर आल्यावर ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्यावर चिडली होती, आठवड्यात पहिल्यांदा.

"तुमी कशाला सांगितलं पप्पा? आता ते माल घेणार न्हाईत," ती म्हणाली. "मी तर बरोबर सांगितलं होतं."