गाळलेले दोन शब्द

मिर्ताने चहासारखा पितात त्या यर्बाच्या डब्यात चमचा घातला, तर पाल्याखाली काहीतरी चुरचुरलं. तिने बोटांनी उकरून पाहिलं. गोळ्यांचं पाकीट होतं, आणि त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

"नेलिदा, किती दिवस झाले?"

थोरली बहीण खिडकीशी बसून डोक्याला रुमाल बांधत होती. रोसारिओतल्या या घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं तिने बायकांचे केस कापले होते. स्तनातला कर्करोग मार्चमध्ये हाडांत उतरला. तो आणखी पसरू नये म्हणून डॉक्टरांनी रोज एक गोळी घ्यायला सांगितली होती.

"अकरा."

"अकरा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ओरडू नकोस. रागाने पसरतं ते. ओविदिओ म्हणतात."

ओविदिओ! दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाद्या विकणारा माणूस, आता दर शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये आजारी बायकांना गोल बसवून जनुकांवर व्याख्यानं झोडत होता. मनातली अढी जनुकांची बटणं चालू ठेवते म्हणे. नेलिदाची अढी आईवर. आईने हिला शाळेतून काढून हातात कात्री दिली आणि धाकटीला शिकवलं. म्हणून चाळीस दिवस आईला माफ करायचं आणि गोळ्या बंद, कारण गोळी शरीराला भीती शिकवते.

मिर्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं ती याच विषयात डोळे फोडत होती.

"ऐक. गाठीतल्या काही जनुकांवर बारीकसं रसायन चिकटतं आणि ती गप्प होतात. पेशीला जागेवर धरून ठेवणारं जनुक गप्प झालं की पेशी सुटते, रक्तातून जाते, हाडात घर करते. तू कोण आणि आई कोण, त्या पेशीला काय ठाऊक? त्या भामट्याला मी पोलिसांत देते. हे त्याला शिकवलं तरी कोणी?"

नेलिदाने फडताळातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. ओविदिओचं पत्रक होतं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'आपण जे सोसतो ते पेशींमध्ये लिहिलं जातं, आणि लिहिलेलं पुसता येतं.' खाली मिर्ताचं नाव होतं, डॉक्टर या पदवीसकट.

"रेडिओवर बोलली होतीस," नेलिदा म्हणाली. "दुकानात चार बायका होत्या. मी आवाज मोठा केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर मला रडू आलं. कागदावर तुझं नाव दिसलं म्हणून तर गेले मी त्यांच्याकडे."

मिर्ताला तो दिवस आठवला. निवेदिका म्हणाली होती, लोकांना कळेल असं एखादं सोपं वाक्य द्या ना, बाई. मिर्ताने लिहून नेलेल्या वाक्यात आणखी दोन शब्द होते, 'उंदरांमध्ये' आणि 'कदाचित'. त्यांनी वाक्य अडखळत होतं. स्टुडिओच्या जिन्यातच तिने ते खोडले होते. उरलेलं वाक्य तिला स्वतःलाही फार आवडलं होतं.

"पूर्ण वाक्य वेगळं होतं," ती म्हणाली.

"मग सांग पूर्ण."

तिने सांगितलं. उंदरांसकट, कदाचितसकट. सोसणं म्हणजे त्या उंदरांचं सोसणं, हेही सांगितलं. आणि माणसाच्या रागाने कर्करोग पसरतो असं कोणी दाखवलेलं नाही, हेही.

नेलिदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "याला कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या."

"नसत्या."

"म्हणजे आईला माफ नाही केलं तरी चालेल?"

"चालेल."

"बरं झालं. जमतच नव्हतं मेलं." तिने पाकिटावरचा पाला झटकला. "आणि आता तुलाही नाही करणार."

"नको करूस. पण आधी डॉक्टरांना फोन लाव. अकरा दिवस चुकलेत, आता पुढे काय करायचं ते विचार."

नेलिदाने फोन लावला. अकरा दिवस, ती म्हणाली. नाही, उलट्या नाहीत. नाही, विसरले नव्हते. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली, मग मिर्ताकडे.

"कारण विचारतायत," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. "विसरले म्हणून सांगू का?"

मिर्ताने हात पुढे केला.

"दे इकडे. मी सांगते."